'ऑफिशियस' मॉनिटर आणि हजार शब्दांची यादी

आदरणीय बाई,

मी बडोद्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. माझं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेत झालं. घरी मराठी, सोसायटीत आणि स्टाफरूममध्ये गुजराती, वर्गात पाऊल टाकलं की इंग्रजी. शिकवणं निभतं, पण प्रगतिपुस्तकावर रिमार्क लिहायची वेळ आली की माझ्याकडे 'गुड', 'सिन्सिअर', 'हार्डवर्किंग' आणि 'टॉकेटिव्ह' एवढंच भांडवल. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्वभावाच्या आणि टोनच्या हजार 'ॲडव्हान्स्ड' शब्दांची यादी मिळवली, पाठ केली. माझी मॉनिटर फार कामसू मुलगी आहे. तिच्याबद्दल लिहिलं, 'शी इज ॲन ऑफिशियस मॉनिटर.' मला वाटलं, ऑफिसच्या शिस्तीनं काम करणारी. तिची आई तडक प्रिन्सिपल मॅडमकडे गेली. पुढचं सांगत नाही.

त्यात जूनपासून अकरावीचं इंग्रजी माझ्याकडे येणार आहे. तिथे 'लेखकाचा टोन ओळखा' असे प्रश्न. मला सगळीकडे 'सॅड' नाहीतर 'सारकॅस्टिक' एवढंच दिसतं. हे शब्द शिकायचे तरी कसे?

ता. क. एका गुणी, शांत मुलाबद्दल 'सिंपल अँड इनोसंट बॉय' लिहिलं तर चालेल ना?

एक शिक्षिका, बडोदे

*

प्रिय बाई,

आधी मॉनिटरचं प्रकरण मिटवू, कारण ते जितकं लांबेल तितकं चिघळेल. 'ऑफिशियस' म्हणजे न विचारता हुकूम सोडणारी, नको तिथे नाक खुपसणारी. आई चिडली यात तिचं काही चुकलं नाही. तुमच्या समाधानासाठी एवढं सांगते की या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'कर्तव्य' या अर्थाच्या शब्दात आहे आणि एके काळी तो कौतुकानंही वापरला जाई. लंडनच्या गोरगरिबांना औषधपाणी करणारा रॉबर्ट लेव्हेट १७८२ साली वारला, तेव्हा त्याचा मित्र, इंग्रजीचा नामवंत कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन, यानं त्याच्यावर कविता लिहिली. त्या कवितेत लेव्हेटची स्तुती करताना हेच विशेषण आलं आहे. म्हणजे तुमचा रिमार्क बरोबर होता, फक्त दोन-अडीचशे वर्षं उशिरा पोचला. हे त्या आईला मात्र सांगायला जाऊ नका. 'शब्द माझा चुकला' एवढं म्हणा आणि नवा रिमार्क लिहून द्या: 'शी इज कॉन्शिएन्शस अँड क्विक टू हेल्प.' कोणी बघत नसतानाही काम मनापासून करणाऱ्याला कॉन्शिएन्शस म्हणतात. तुम्हाला तेच म्हणायचं होतं.

आता ती यादी. ती रद्दीत घाला.

अशा यादीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला त्याचा अर्थ आणि मधे बरोबरचं चिन्ह असतं. टेबल, खुर्ची, थर्मामीटर यांना ते चिन्ह चालतं. स्वभावाच्या शब्दाला चालत नाही, कारण तो निम्मं त्या माणसाबद्दल सांगतो आणि निम्मं बोलणाऱ्याबद्दल. मराठीत हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, तरी येतं. भरपूर बोलणाऱ्या मुलीला तुम्ही बोलकी म्हणता, गप्पिष्ट म्हणता, बडबडी म्हणता, वाचाळ म्हणता, तोंडाळ म्हणता. पोरगी तीच असते, तुमचं तिच्याविषयीचं मत तेवढं बदललेलं असतं. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'वाचाळ' लिहायला तुमचा हात धजणार नाही. इंग्रजीत मात्र तो धजतो, कारण तिथे शब्दाचा चेहरा तुम्ही पाहिलेलाच नसतो.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं १९४८ साली बीबीसीच्या रेडिओवर याची गंमत करून दाखवली होती. शाळेत आपण क्रियापद चालवतो तसं त्यानं चालवलं: मी ठाम, तू हट्टी, तो डुकरासारखा अडेल मूर्ख. गुण एकच, पण प्रथम पुरुषापासून तृतीय पुरुषापर्यंत जाताना तो नासत जातो. तुम्ही हे मराठीत सुरू करा आणि मग इंग्रजीत न्या. मी काटकसरी, तू चिकट, तो कद्रू: थ्रिफ्टी, टाइट-फिस्टेड, माइझर्ली. मी धोरणी, तू पक्की, ती बेरकी: ॲस्ट्यूट, श्रूड, कनिंग. मी स्पष्ट बोलते, तू फटकळ आहेस, ती उद्धट आहे: कँडिड, ब्लंट, रूड. एका बैठकीत अशी दोन-तीन त्रिकुटं जमली तरी पुष्कळ झालं. एकटा शब्द पाठ केला की उडून जातो. शेजारपाजाऱ्यांसकट घेतला की राहतो, कारण तेव्हा त्याचा अर्थ म्हणजे त्याची जागा असते.

तुमच्या 'टॉकेटिव्ह'चं घराणं घ्या. आर्टिक्युलेट म्हणजे मनातलं नेमकं मांडणारा. हे निखळ कौतुक, रिमार्कमध्ये बिनधास्त लिहा. एलोक्वंट त्याच्या पुढची पायरी, वक्तृत्व असलेला. सातवीतल्या मुलाला जरा भारी होईल. चॅटी म्हणजे गप्पिष्ट, सलगीचा शब्द. लोक्वेशियस भारदस्त असला तरी लिहिणारा गालात हसत असतो. गॅरुलस म्हणजे पाल्हाळिक, ऐकणारा घड्याळाकडे बघायला लागतो असा. हा बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतो. आणि ग्लिब! हा फार कामाचा शब्द आहे. उत्तर झटकन आणि गुळगुळीत देतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की याला यातलं काही मनापासून वाटत नाही, तो ग्लिब. कोणाचा चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे आला ते मला कळवू नका.

शांत मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. मराठीत भिडस्त, मितभाषी, अबोल, घुमा, एकलकोंडा आणि शिष्ट या सहा मुलांना आपण सहा बाकांवर बसवू. इंग्रजीत तुम्ही त्या सगळ्यांना 'क्वाएट' म्हणून मोकळ्या होता. स्वतःवर भरवसा नाही म्हणून जो मागे राहतो तो डिफिडंट. आपल्याबद्दल फारसं सांगत नाही तो रेटिसंट. मुळातच शब्द कमी आणि वर थोडा रुक्षही, तो टॅसिटर्न. इतरांपासून स्वतःला वेगळा ठेवतो तो अलूफ, आणि यात तक्रार आहे. विथड्रॉन हा शब्द मात्र काळजीचा आहे. तो वाचला की आजकालची शाळा समुपदेशकाला बोलावते आणि पालकांची झोप उडते. खरोखर तसं दिसत असेल तर तो लिहू नका, पालकांना समोर बसवून बोला.

माझं खरं मत विचाराल तर प्रगतिपुस्तकात विशेषण शेवटी यावं आणि शक्यतो येऊच नये. मूल काय करतं ते आधी मराठीत कच्चं लिहून काढा. समजा: 'तास संपला की फळा पुसते, वह्या गोळा करते, पण दुसऱ्या कोणी वही उचलली तर तिला खपत नाही.' बघा, तुमची मॉनिटर यात नीट दिसते, आणि ऑफिशियस हा शब्द अगदीच हवेतून आला नव्हता हेही दिसतं. आता याचं इंग्रजी: 'टेक्स इनिशिएटिव्ह इन क्लास. कॅन लर्न टू लेट अदर्स शेअर द वर्क.' क्रियापदं आली, पोरीला लेबल लागलं नाही आणि आईला घरी काय बोलायचं तेही कळलं. विशेषण लिहायचंच असेल, तर पेन टेकवण्याआधी हा शब्द तिच्या आईला तोंडावर म्हणता येईल का, हे स्वतःला विचारा.

शब्दकोशाबद्दल थोडक्यात. मोबाइलवर जो पहिला अर्थ झळकतो त्यावर थांबू नका. परभाषकांसाठी केलेले ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिजचे लर्नर्स शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत अशा शब्दांपुढे 'डिसअप्रूव्हिंग' किंवा 'अप्रूव्हिंग' अशी खूण असते. ऑफिशियसपुढे ती आहे. तुम्ही ती पाहिली असती तर हे पत्र आलंच नसतं. कॉलिन्सचा कोबिल्ड कोश १९८७ मध्ये निघाला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात देतात, 'एखाद्याला तुम्ही असं म्हणता तेव्हा तुम्हाला त्याचं हे आवडलेलं नसतं' अशा धाटणीनं. आपल्यासारख्यांना तो सोयीचा. उलट दिशेनं जायचं असेल, म्हणजे 'कुजकट'ला इंग्रजीत काय असा प्रश्न पडला, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८३१ चा कोश, १८५७ ची सुधारलेली आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं घरबसल्या बघता येते. एका मराठी शब्दापुढे कधी पाच-सहा इंग्रजी शब्द मिळतील. फक्त त्यातलं इंग्रजी व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आहे, तेव्हा तिथून उचललेला शब्द लर्नर्स कोशात पडताळल्याशिवाय वापरू नका. दुसरा ऑफिशियस नको.

वाचायचं काय? मृत्युलेख. हसू नका. गोष्ट सांगायला जागा कमी आणि माणूस आख्खा उभा करायचा, म्हणून स्वभावाचे शब्द जितके मृत्युलेखात सापडतात तितके दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. इंग्रजी वर्तमानपत्रं बहुतेक ऑनलाइन मिळतात. कागदावर वाचायची सवय असेल तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहेच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून राज्यात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, ते काही आपण त्या इमारतीची काचेची जमीन पाहुण्यांना दाखवावी एवढ्यासाठी नव्हे.

मृत्युलेखांत आणखी एक मौज आहे, आणि तिथून आपण तुमच्या अकरावीच्या प्रश्नाकडे जाऊ. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये १९८६ ते १९९४ ह्यू मॅसिंगबर्ड मृत्युलेखांचं पान पाहत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नाही हा शिष्टाचार पाळून वाईट लिहायचं, ही त्यांची खासियत. 'कन्व्हिव्हियल', म्हणजे गप्पांच्या मैफलीत रमणारा, असं लिहिलं की जाणते वाचक समजत, हा गडी अखंड पीत असे. 'मूर्खांची गय करत नसत' म्हणजे तापट, जवळ जायची सोय नाही. 'आपल्या पराक्रमांच्या रंगतदार हकिकती सांगत' म्हणजे सरळसरळ थापाड्या. शब्द स्तुतीचे, टोन निराळा. मराठीच्या व्याकरणात व्याजस्तुती अलंकार शिकलात ना? हाच तो, कोट घालून आलेला.

टोन म्हणजे काय, हे मुलांना सांगताना व्याख्येचा घोळ घालू नका. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनं १९२९ मध्ये बोलण्याच्या अर्थाचे चार पदर वेगळे केले, त्यात टोन म्हणजे बोलणाऱ्याची ऐकणाऱ्याकडे पाहण्याची तऱ्हा, असं धरलं. पुढे विषयाकडे पाहण्याची तऱ्हाही त्यात आली. तुमच्या मुलांची गफलत होते ती इथे: उतारा वाचून त्यांना वाईट वाटतं, म्हणून टोन 'सॅड' असं लिहून मोकळी होतात. त्यांना वाईट वाटलं ही त्यांची गोष्ट झाली. लेखक त्या वेळी कदाचित दात खात असेल.

हे नुसतं सांगून पटत नाही, ऐकवावं लागतं. २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला आठवत असेल. त्या पुराबद्दल सहा माणसं बोलतायत असं समजा, आणि फळ्यावर लिहा.

'बुधवारी पहाटे तळमजल्यात चार फूट पाणी होतं.' इथे काही नाही, नुसती माहिती. मॅटर-ऑफ-फॅक्ट.

'यंदा नदी आमच्याकडेच मुक्कामाला होती.' दुःख आहे, पण तोंड वाकडं करून हसणं आहे, आणि ते स्वतःवर. हा राय टोन. मिश्कील म्हणता येईल, फक्त मिश्कीलमध्ये एवढी कडवट चव नसते.

'मदतीला कोणी आलं नाही म्हणून कसं म्हणू? मगर येऊन गेली की.' माणसं काही करतील ही आशाच सोडलेली, वर तुच्छता. सार्डॉनिक.

'तुमची तयारी फारच चोख होती हो, फोन कोणी उचलायचा नाही हे आधीच ठरलेलं!' आता समोर माणूस आहे आणि त्याला बोचावं हाच हेतू आहे. सारकॅस्टिक. ग्रीक मुळात या शब्दाचा अर्थ मांस फाडणं असा आहे, हे मुलांना सांगा, विसरणार नाहीत.

'बरं झालं, स्विमिंग पूलची फी वाचली.' ज्या गोष्टीला गंभीरपणे घ्यायला हवं तिची टवाळी. फ्लिपंट. हे वाक्य ज्याचं घर कोरडं राहिलं त्याचं असणार, हे मुलं स्वतःच सांगतील, आणि तो या शब्दाचा अर्धा अर्थ झाला.

'वीस वर्षांचे फोटो होते हो त्या कपाटात, एकही नाही राहिला.' इथे 'सॅड' अगदीच तोकडं पडतं. आवाजात विनवणी आहे, कोणीतरी ऐकावं असं वाटतंय. प्लेंटिव्ह.

मुलांना ही वाक्यं मोठ्यानं म्हणायला लावा, आणि दुसऱ्याच्या टोनमध्येही म्हणायला लावा. मगरीचं वाक्य रडत म्हणून बघा, जमणारच नाही. मग विचारा की वाक्यातला कोणता शब्द ते जमू देत नाही. 'की.' त्या एका 'की'मध्ये तो टोन आहे. परीक्षेत नेमकं हेच मागतात: टोनचं नाव आणि तो ज्या शब्दावरून कळला तो शब्द. नाव थोडं इकडेतिकडे झालं तरी पुरावा बरोबर असेल तर मी गुण द्यायचे. पुराव्याशिवाय 'सार्डॉनिक' लिहिणाऱ्याला नाही. उतारा मधेच वळतो का, पहिल्या परिच्छेदातला थट्टेखोर माणूस शेवटी चिडलेला आहे का, हेही बघायला शिकवा. चिडीला अन्यायाची धार असेल तर ती इंडिग्नंट.

आणि वर्ग कंटाळला की त्यांना ग्रह दाखवा. बाई, आपल्या मुलांना यात इंग्रजांच्या मुलांपेक्षा सोपं जातं. जोव्हियल म्हणजे आनंदी, मोकळाढाकळा: जोव्ह म्हणजे ज्युपिटर, आपला गुरू. सॅटर्नाइन म्हणजे खिन्न, गंभीर, मंद: सॅटर्न, शनी. साडेसाती माहीत असलेल्या घरात हा शब्द समजावायला किती वेळ लागणार? मर्क्युरियल म्हणजे घडीत असा, घडीत तसा: बुध, आणि पाराही. वैद्यकातून आलेले चार आहेत. जुन्या युरोपात शरीरात चार रस मानत, आपल्याकडे वात-पित्त-कफ मानतात तसे. रक्त जास्त तो सँग्विन, कफ जास्त तो फ्लेग्मॅटिक, पिवळं पित्त जास्त तो कॉलरिक, काळं पित्त जास्त तो मेलंकॉलिक. फक्त दोन ठिकाणी मुलांना सावध करा. सँग्विन म्हणजे रक्तरंजित नव्हे, आशावादी. रक्तरंजितला सँग्विनरी असा वेगळा शब्द आहे. आणि फ्लेग्मॅटिक माणसाला खोकला झालेला नसतो. आकाश कोसळलं तरी जो चहा संपवून उठतो तो फ्लेग्मॅटिक. यात दोष असेलच असं नाही. पुराच्या रात्री असा एखादा शेजारी असलेला बरा.

वही घाला, पण तिच्यात अर्थ लिहू नका. शब्द जिथे भेटला ते वाक्य लिहा, आणि कोण कोणाबद्दल बोलत होतं ते लिहा. आठवड्याला चार शब्द पुरे. स्टाफरूममध्ये मात्र लगेच वापरायला जाऊ नका. बोलण्यात 'टॅसिटर्न' आला की माणसं पुढे तुमच्याशी बोलायची बंद होतात.

आता तुमचा ता. क. 'सिंपल अँड इनोसंट बॉय' नको. आपल्याकडे 'सिंपल' म्हणजे साधा, डामडौल नसलेला, आणि ती स्तुती. इंग्रजीत माणसाला सिंपल म्हटलं की त्याला अक्कल कमी असा वास येऊ शकतो, आणि 'इनोसंट बॉय' म्हणजे कोणत्या तरी आरोपातून सुटल्यासारखा. 'होमली'चंही असंच आहे, तोही टाळा. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत ती घरेलू मुलगी असते, अमेरिकेत दिसायला बेताची. या मुलासाठी 'अनअझ्युमिंग' लिहा: अंगी गुण असून मिरवत नाही तो. पुढे एक वाक्य त्याच्या कामाचं जोडा, म्हणजे विशेषण एकटं पडणार नाही. त्याच्या आईनं अर्थ विचारलाच तर 'निरभिमानी' सांगा, तो गुजरातीतही तसाच चालतो.